आले का रे सगळे

१

सकाळी कामाला जाताना मी भाजीवाल्याकडून एक घट्ट कोबी आणि सेलरीच्या दांड्यांची जुडी घेते. "आज कुणाचा नंबर, हेझल?" तो विचारतो. मी म्हणते, "दोन बरगड्या आणि एक जबडा." तो मग निवडून कोबी देतो. लंडनच्या या अख्ख्या डेप्टफर्डात माझा धंदा समजून घेणारा तो एकटाच.

सिनेमात कुणाचं हाड मोडलं की ती सेलरी असते, ओल्या फडक्यात गुंडाळून पिळलेली. तोंडावर बसलेला ठोसा म्हणजे कोबीवर बसलेली माझी मूठ. पडद्यावरचा माणूस चालतो तेव्हा पाय माझे असतात. त्यासाठी स्टुडिओत जमिनीत चौकोनी खड्डे आहेत, एकात वाळू, एकात खडी, एकात फरशी, आणि भिंतीला फळ्यांवर जुन्या बुटांचा ढीग. संध्याकाळी कोबी घरी नेऊन उकडते. मार खाल्लेला कोबी लवकर शिजतो, एवढाच या धंद्यातला फायदा.

स्टुडिओ रेल्वेच्या कमानीखाली आहे, लोखंडी जिना उतरून जायचं. भाडं कमी, कारण डोक्यावरून गाड्या जातात. गाडी आली की काचेपलीकडे आवाज टेपवर घेत बसलेला नेव्हिल हात वर करतो, आम्ही दोघं गप्प बसतो, गाडी गेली की पुन्हा काम. लग्न झालेली माणसंसुद्धा एकमेकांसोबत एवढा वेळ गप्प बसत नसतील.

त्या वर्षी, पंच्याण्णव साली, फुटबॉलच्या टोळ्यांच्या सिनेमांना तेजी होती. मी अशा कितीतरी सिनेमांतले ठोसे मारलेत. गोष्ट ठरलेली असते. एक पोरगा घराला कंटाळतो, शनिवारी मॅचला जाणाऱ्या टोळीत शिरतो, मारतो, मार खातो, आणि शेवटी कुणीतरी मरतं नि गाणं वाजतं. ॲड्रियनचा सिनेमा तसाच, फक्त खऱ्या टोळीवरचा. ॲड्रियन म्हणजे दिग्दर्शक, चांगल्या घरातला, पोरगेलासा, पण मनानं साफ. गाणं मात्र त्याला भाड्याच्या गायकांकडून नको होतं. "खरी माणसं आणतो, हेझल," तो म्हणाला. "त्याच टोळीतली. गोदीवाले."

मी म्हटलं, "आण बाबा. माझा कोबी तेवढा सांभाळायला सांग त्यांना."

२

माणूस दिसायच्या आधी मला त्याचे पाय कळतात. जिन्यावरून पहिला उतरला तो जड, गुडघे गेलेला. तो गॉर्डन. एके काळी गोदीवाल्यांचा म्होरक्या, आता बाजारात फुलं विकतो. त्याच्यामागे चार-पाच जण, चाळिशीतले, पोट सुटलेले, पण जाकिटं इस्त्रीची आणि बूट चकचकीत. या लोकांचं ते असतंच, मारामारीलासुद्धा नटून जायचे. सगळ्यात शेवटी एकजण अगदी हलक्या पावलांनी आला आणि दार लावायच्या आधी त्यानं मागे वळून जिना बघितला. तो व्हर्नन प्यू. शाळेच्या मुलांची बस चालवतो.

"बाई, हे आमचं डोकं का?" गॉर्डननं टेबलावरचा कोबी उचलला.

"तुमचं असतं तर वाजलं असतं," मी म्हटलं. "पोकळ आहे ना."

ते मनापासून हसले. मग मी ठोसा मारून दाखवला तेव्हा गॉर्डननं नाक मुरडलं. "खरा ठोसा एवढा वाजत नाही हो. खऱ्या ठोशाचा आवाजच येत नाही. माणूस नुसता खाली बसतो."

नेव्हिलनं माईक लावला. गाणं कसलं, दोन ओळींची आरोळी होती. एकजण विचारायचा, "आले का रे सगळे?" आणि बाकीच्यांनी ओरडायचं, "आले सगळे, गाडी सोडा." बाहेरगावची मॅच संपवून परतीच्या गाडीत बसल्यावर म्हणायचं. हीच त्यांची हजेरी. ती झाली की गाडी सुटायला मोकळी.

ॲड्रियननं खूण केली. सगळ्यांनी माना वर केल्या आणि गप्प उभे राहिले. मला वाटलं विसरले. आणि एकदम, कुणी इशारा न करता, एका दमात सगळे: "आले सगळे, गाडी सोडा."

"पहिली ओळ?" ॲड्रियन म्हणाला.

गॉर्डन बुटाकडे बघत राहिला. "ती आमची नाही," तो म्हणाला. "ती लेस्टर म्हणायचा. ती सोडून सांगा काय ते."

पुन्हा घेतलं, पुन्हा तसंच. त्यांनी पहिल्या ओळीची जागा रिकामी सोडली आणि बरोबर तेवढ्याच वेळानं उचललं. ते गोल उभे होते, पण त्या गोलात व्हर्ननच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी होती. तीही कुणी सांगून सोडली नव्हती.

३

दुपारी ते चहाला वर गेले आणि नेव्हिलनं टेप मागे घेऊन लावली. मी सेलरीच्या दोऱ्या काढत बसले होते.

"हेझल," तो म्हणाला, "पहिली ओळ कोण म्हटलं?"

"कोणीच नाही. मी तिथंच उभी होते."

त्यानं बोटानं हेडफोन दाखवला. मी लावला. आधी माईकची सूं सूं, कुणाचा तरी खोकला, आणि मग लांबून, पण स्पष्ट, एका तरण्या पोराचा आवाज. "आले का रे सगळे?" आणि त्यावर आपल्या या म्हाताऱ्या होत चाललेल्या बाप्यांचं "आले सगळे, गाडी सोडा."

मला भीती वगैरे वाटली नाही, खरं सांगते. आधी चीड आली. वाटलं, कुणीतरी चावटपणा करतोय. पण ओठ हलवणारा कुणी असता तर मला दिसला असता, मी आयुष्यभर माणसांच्या ओठांकडे आणि पायांकडेच बघत आलेय. मग म्हटलं, टेप जुनी असेल, आधीचं काही पुसायचं राहिलं असेल. नेव्हिलनं पाकिटाचं सील दाखवलं, सकाळीच फोडलेलं. मग मी म्हटलं, फितीचा एक वेढा दुसऱ्यावर उमटतो, मोठा आवाज असला की आधीच त्याची सावली ऐकू येते, होतं असं.

"होतं," नेव्हिल म्हणाला. "पण सावली त्याच शब्दांची पडते ना? हे शब्द आपल्याकडे कुणी म्हटलेच नाहीत."

नेव्हिल सरळ माणूस आहे. चर्चमध्ये जात नाही, भुतांच्या गोष्टी ऐकत नाही, जेवणाचा डबा रोज तोच. त्यानं टेप बंद केली आणि हात पँटला पुसले.

४

मी वर गेले. समोरच्या दुकानात ते खिमा भरलेली पेस्ट्री आणि कुस्करलेले बटाटे खात होते. गॉर्डननं मला खुर्ची सरकवली. व्हर्नन बाहेर फुटपाथवर एकटा सिगारेट ओढत उभा होता.

"हा लेस्टर कोण?" मी विचारलं.

गॉर्डननं काचेतून बाहेर बघितलं. "व्हर्ननचा धाकटा भाऊ. मारामारीत काही कामाचा नाही, एक ठोसा नीट मारता येत नव्हता बिचाऱ्याला. पण गळा असा की मैदानातला अख्खा स्टँड त्याच्या तोंडाकडे बघायचा. तो सुरू करायचा, मग आम्ही."

सत्त्याहत्तर साली ते हॅलस्टनला गेले होते. मॅचनंतर स्टेशनवर राडा झाला. तिथले लोक जास्त होते. हे कसेबसे गाडीत चढले, कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाचे दात गेलेले, डब्यांत सगळी घाई. कोण चढलं, कोण राहिलं, बघायचं कसं?

"आणि तेवढ्यात आम्ही ऐकलं," गॉर्डन म्हणाला. "'आले का रे सगळे?' लेस्टर. आम्हाला वाटलं, पुढच्या डब्यात आहे. जिवात जीव आला हो. आम्ही ओरडलो. सगळ्यात जोरात व्हर्नन. गार्डानं शिटी मारली, गाडी सुटली."

त्यानं काटा खाली ठेवला.

"लेस्टर गाडीत नव्हताच. प्लॅटफॉर्मखालून जायचं भुयार असतं ना, तिथं सकाळी झाडूवालीला सापडला. डॉक्टर म्हणाला, बराच वेळ धुगधुगी होती."

मी त्याच्या हातावर हात ठेवला.

"व्हर्नन म्हणतो, लेस्टर गाडीत चढला होता, काहीतरी घ्यायला परत उतरला. आम्हीही तेच म्हणतो. नाहीतर आवाज कुठून आला?" गॉर्डन म्हणाला. "त्यांच्या आईलाही तेच सांगितलंय. तुम्ही पण त्याला काही विचारू नका, बाई. त्याच एका गोष्टीवर जगतोय तो."

५

मी विचारणार नव्हतेच. पण ॲड्रियनला आवाज हवा तसा भरत नव्हता, त्यानं दुपारभर त्यांच्याकडून तेच म्हणून घेतलं. आम्ही टेपचं त्याला काही बोललो नव्हतो. काय बोलणार? प्रत्येक टेकला, म्हणजे दर नव्या रेकॉर्डिंगला, ते गप्प उभे राहायचे, रिकामी जागा जाऊ द्यायचे आणि ओरडायचे. मी नेव्हिलशेजारी बसून टेपवर काय उतरतंय ते ऐकत होते.

प्रत्येक टेकला तो होता. पहिल्यांदा गळा खणखणीत. मग जरा दमलेला. मग मधेच श्वास घेतलेला, "आले का रे" आणि थांबून "सगळे". आणि आमची ही भली माणसं दर वेळी त्याला छाती फुगवून सांगत होती, गाडी सोडा. मला त्यांना ओरडून थांबवावंसं वाटत होतं आणि कशासाठी थांबा म्हणते ते सांगता येत नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट. ही मी नेव्हिललाही सांगितली नाही. मला जागा ऐकू येतात. स्वयंपाकघर वेगळं बोलतं, चर्च वेगळं. रेल्वेच्या डब्यात गाद्या असतात, माणसं असतात, आवाज कोरडा पडतो, मरून जातो. हा आवाज मरत नव्हता. दोन्ही बाजूंच्या गुळगुळीत फरशांवरून परत येत होता, वर छत अगदी बुटकं, आणि कुठंतरी पाणी ठिबकत होतं. आवाजाच्या मागे पाऊल होतं. टाच वाजायची, मग नुसतं ओलं काहीतरी टेकायचं. पुन्हा टाच, पुन्हा ओलं. तो चालायचा प्रयत्न करत होता.

मी हेडफोन काढला तर दारात व्हर्नन. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"तो आहे ना टेपवर?" तो म्हणाला. "मला माईकपाशी थंड लागतंय. डाव्या बाजूला."

त्यानं टोपी काढून हातात धरली.

"बाई, तुम्हाला जागा ओळखता येतात म्हणे. ॲड्रियन सांगत होता. मला एवढंच सांगा. तो डबा आहे का?"

देवाशपथ, हो म्हणणार होते. हो म्हणायला काय जात होतं? त्याची बस, त्याची आई, अठरा वर्षं रेटलेला संसार, सगळं त्या एका हो वर उभं होतं. पण टेपवरचा आवाज खचत चालला होता, आणि आत बाकीचे पुढच्या टेकला उभे राहत होते.

"डबा नाही, व्हर्नन," मी म्हटलं. "फरशी आहे. छत खाली आहे. पाणी ठिबकतंय. आणि त्याच्या एका पायात बूट नाही."

तो भिंतीला टेकला. रडला नाही. "डावा," तो म्हणाला. "डावा बूट सापडलाच नाही आम्हाला. हे बाहेर कुणालाच माहीत नाही." मग म्हणाला, "म्हणजे तो गात नव्हता. विचारत होता. आणि मी म्हटलं, सोडा."

मी त्याला जवळ घेतलं. दुसरं काय करणार होते मी?

६

त्यानं स्वतःच जाऊन बाकीच्यांना सांगितलं. मला काचेतून नुसती तोंडं दिसत होती. गॉर्डन आधी हातवारे करत होता, मग नेव्हिलनं त्याला एक टेक ऐकवला आणि तो माणूस खुर्चीवर बसला, खऱ्या ठोशाबद्दल त्यानंच सांगितलं होतं तसाच, काही आवाज न करता.

ॲड्रियननंही ऐकलं. "सिनेमात मी लेस्टरच्या हातात झेंडा दिलाय मरताना," तो पुटपुटला.

"झेंडा?" गॉर्डन म्हणाला. "अरे, त्याच्या खिशात कधी परतीचं तिकीट नसायचं." पण त्याच्या आवाजात राग नव्हता. "आता काय करायचं, व्हर्नन?"

"एकदाच घ्या," व्हर्नन म्हणाला. "उत्तर मी देतो."

नेव्हिलनं व्हर्ननचा आणि माझा हेडफोन टेपला जोडला आणि मी आत त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले. फितीवर जे उमटेल ते क्षणभरानं आमच्या कानात येणार होतं. आम्ही सुरू करणार एवढ्यात डोक्यावर गाडी आली. नेव्हिलनं सवयीनं हात वर केला. गाडीची घरघर कमी झाली, ब्रेक करकरले आणि ती आमच्या वरच थांबली. सिग्नल असेल. गाडी थांबली की तिचं काही ऐकू येत नाही, फक्त छत जड झाल्यासारखं वाटतं. नेव्हिलनं हात खाली घेतला आणि टेप सोडली.

सगळ्यांनी माना वर केल्या. मला आधी ठिबकणारं पाणी ऐकू आलं. मग फार वेळ काहीच नाही. वाटलं, उशीर झाला. आणि मग ते आलं, आवाज म्हणावा असाही नाही, नुसता श्वास. "आले का रे." पुढचा शब्द त्याला जमला नाही.

बाकीच्यांना काही ऐकू आलेलं नव्हतं, पण जागा भरली हे त्यांच्या छातीला ठाऊक होतं. सगळ्यांनी ओरडायला श्वास घेतला. गॉर्डननं स्वतःच्या तोंडावर हात दाबला, त्याचं बघून इतरांनीही.

"नाही आले," व्हर्नन म्हणाला. "लेस्टर, तू राहिलायस. आम्हाला कळलं नाही रे. गाडी थांबवलीय. कुणी कुठं जात नाही. तू ये सावकाश."

टाच वाजली. मग ओलं काहीतरी टेकलं. फरशी, फरशी, मग पायऱ्या, प्रत्येक पायरीवर थांबून. मला ते सहन होईना, मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

पावलं तशीच येत राहिली.

आता ती आमच्या फरशीच्या खड्ड्यातून खडीत उतरली. खडी करकरली, तिथं कुणी नव्हतं. मग वाळू. वाळूत ती थांबली. व्हर्ननच्या शेजारी, मोकळ्या जागेत. मी म्हणत होते, हेझल, छताला हादरे बसतात, खडी सरकते, तू दमली आहेस. हे सगळं मी स्वतःला नीट समजावून सांगितलं आणि माझे दात वाजत होते.

"बाई," व्हर्नन न वळता म्हणाला, "एक बूट द्याल का? डावा. नऊ नंबर."

मी फळीवरून काढला. तपकिरी, जाड तळाचा, माझ्या आवडत्या जोडातला. वाळूच्या कडेला ठेवला. बाकीच्यांनी तोंडं भिंतीकडे वळवली होती, मीही तशीच उभी राहिले. पण माझ्या समोर नेव्हिलची काच होती. मी बघणार नव्हते. काचेत व्हर्नन एका गुडघ्यावर बसलेला दिसला, लहान मुलाच्या बुटाची नाडी बांधतात तसा खाली वाकून. त्याच्या हातात पँटची एक ओली कड होती. एवढंच मी बघितलं आणि डोळे मिटले.

"आईनं जेवण ठेवलंय," तो हळूच म्हणत होता. "चल."

कुणी निरोप घेतला नाही. एकेक जण जिना चढायला लागला. मी डोळे मिटूनच ऐकत होते. गॉर्डनचे जड पाय, मग इतरांचे, चकचकीत बुटांचे. शेवटी व्हर्ननची हलकी पावलं, आणि त्याच्या बरोबरीनं, पायरीगणिक, आणखी एक चाल. अडखळत, पण दोन्ही टाचा वाजत होत्या. माझा जाड तळाचा बूट मी कुठंही ओळखते.

मी डोळे उघडले तेव्हा वाळूत बूट नव्हता. नेव्हिल काचेपलीकडे बसला होता, टेप फिरत होती, त्याचा हात बटणापर्यंत जात नव्हता. वर दार उघडलं. ते बराच वेळ उघडं राहिलं, कुणीतरी मागच्यासाठी धरून ठेवावं तसं.

मग जिन्याच्या तोंडाशी व्हर्ननचा आवाज आला, एकट्याचा, साध्या बोलण्यातला.

"आले सगळे. गाडी सोडा."

आणि डोक्यावरची गाडी सुटली.